बायनाबाईचा कागद

१२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रफुल परत आला. फायनान्सवाला. ओरडत नाही, शिवी देत नाही — ओरडला असता तर बरं झालं असतं. अंगणात खुर्ची ओढतो आणि बसतो. आज दोन तास. जाताना खाटेवरच्या श्रीहरीचा फोटो काढला. कशाला, विचारलं. "साहेबाले दाखवतो ताई, भाऊ आता बरे झाले म्हणून."

फेब्रुवारीत नवरा एकोणीस दिवस नागपूरला आयसीयूत होता, स्वादुपिंड सुजलं होतं. सरकारी योजनेत बसत नाही म्हणाले. बिल साडेआठ लाख, बरंचसं कर्ज काढून भरलं. माणूस वाचला, घरीही आला, पण बिलासकट आला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगणवाडीत आजारी असल्याचं कळवलं आणि चंद्रपूरला नाहीद वकीलबाईंकडे गेले. त्यांनी एकच विचारलं — विकण्यासारखं सगळं विकलं, पगारातून शक्य तेवढं दिलं, तर किती वर्षांत फिटेल? तिथेच कागदावर मांडलं. व्याज धरून कधीच नाही. परत मांडलं, तेच.

"मग नादारीचा अर्ज करा. कोर्ट सगळं तपासते. काई लपवलं नसन, तर लाजायचं काई नाई."

मला वाटायचं, दिवाळं शेठजींचं निघतं. अंगणवाडी सेविकेचंही निघतं म्हणे!

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अर्जासाठी, ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची यादी करायला बसले. प्रफुलची कंपनी, सोनार, दवाखान्याची बाकी. आणि शेजारची बायनाबाई.

म्हातारी, एकटी, धानाच्या कामाला जाते. मार्चमध्ये स्वतःच्या नावावर बचत गटातून साठ हजार कर्ज उचललं आणि पैसे तसेच माझ्या हातात ठेवले. वाचता येत नाही तिला. गल्लीत कुणाचाही कागद आला की मीच वाचते. तिच्या कर्जाचा फॉर्म मीच भरला, हात धरून अंगठाही मीच उठवला. हप्ता मी भरते.

तिचं नाव सगळ्यात वर लिहिलं. तिचे पैसे आधी फिटावेत म्हणून.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मूर्ख आहे मी. यादीत नाव म्हणजे तिचं देणंही अर्जात गेलं. कोर्टानं मला मोकळं केलं की मी तिच्या देण्यातूनही मोकळी. ती मात्र गटातून सुटत नाही, अंगठा तिचा आहे.

"तिचं नाव काढू?" चंद्रपूरला जाऊन वकीलबाईंना विचारलं.

"यादीत खोटं चालत नाई, ताई. अन् अर्ज दिल्यावर तिले एकटीले गुपचूप देणंही चालत नाई. मोकळ्या झाल्या की मंग आपल्या मनानं द्या."

त्याला किती वर्षं लागतील ते त्यांनाही सांगता येईना. तोवर हप्ता म्हातारीनं कुठून भरायचा? परतीची बस आमच्या मूल गावाला पोचेपर्यंत ठरवलं — अर्ज नाही करायचा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

प्रफुलसोबत आज दुसरा एक होता. त्यानं घरभर नजर फिरवली. जाताना आमच्या लेकीला, चंचलला विचारलं, शाळा किती वाजता सुटते.

तिनं सांगितलं. नऊ वर्षांची आहे, विचारलं की सांगते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्जावर सही केली. बायनाबाईला आजच सांगणार.

६ डिसेंबर, शुक्रवार

नाही सांगितलं. विहारात मेणबत्ती लावताना ती शेजारीच होती. तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "श्रीहरी रस्त्यानं चालून राह्यला, पाह्यलं म्या. माह्या जीवाले लई बरं वाटलं."

यादीतल्या सगळ्यांना टपालानं नोटीस जाते म्हणे. त्याआधी सांगेन. फार भीती वाटते.

२४ डिसेंबर, मंगळवार

पोस्टमन गल्लीतून गेला. थांबला नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

बायनाबाई आली. पदराखालून लिफाफा काढला. "पोस्टमननं अंगठा घेतला, पोरी. वाच बरं, काय आलं माह्या नावानं."

वाचलं. अर्जदार, संघप्रिया श्रीहरी रामटेके. हरकत असल्यास सत्तावीस तारखेला कोर्टात हजर राहावे.

"गॅसच्या सबसिडीचं आहे," मी म्हणाले. "तुले कुठी जायचं नाई."

"बरं झालं माय," म्हणाली, आणि नेहमीसारखा कागद माझ्याकडेच ठेवून गेली.