कप्तानाचा नवरा स्वेटर विणतो

आपा, तुम्ही आम्हाला चक्क फसवलंत. इतक्या वर्षांनी तुमच्याशी बोलायला बसले आणि पहिलं वाक्य हे निघालं, त्याला माझा इलाज नाही. निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळ धरतात, मी उर्दूचा क्लास धरला. गारखेड्यात आमच्या घरामागंच एक मास्तर संध्याकाळचे शिकवतात. वर्गात सगळ्यात थोराड मीच, आणि अक्षर गिरवताना माझी जीभ बाहेर येते म्हणून पोरं तोंडावर हात धरून हसतात. हसेनात का! हळूहळू बोट ठेवून वाचता यायला लागलं, तेव्हा मी तुमच्या भाचीला फोन केला. तुमच्याकडं यायची ती उर्दू मासिकं तिनं हैदराबादला जाताना सोबत नेली होती आणि अजून जपून ठेवलीत. तिनं पार्सलनं पाठवली. मी अधाशासारखी आपली अंतराळयानाची गोष्ट शोधली, चष्मा पुसला, वाचायला घेतली, आणि पहिल्याच पानावर कप्तानाला मिशा! मला वाटलं मीच चुकतेय. परत वाचलं. मिशाच. शेजारी चित्र होतं, त्यातही मिशा, चांगल्या पिळदार.

आपली कप्तान बाई होती, आपा. दोन वेण्या आवळून बांधणारी, यंत्र बिघडलं की "चुलीत गेलं हे यान" म्हणून पदर खोचणारी. पृथ्वीवर तिचा नवरा तिची वाट बघत स्वेटर विणायचा, आणि तुम्ही तो भाग मराठीतून वाचून दाखवायला लागलात की आम्ही पोरी हसून हसून लोळायचो. आम्हाला वाटायचं, उर्दूत लिहिणारे लोक लई पुढारलेले, आमच्या मराठीत असला नवरा कुणी लिहिला नाही. आता वाचते तर स्वेटर विणतेय ती बायको. सगळ्या गोष्टीत बाईमाणूस तेवढं एकच, आणि तीही सुया घेऊन खिडकीत. मी कपाळाला हात लावला.

तुमचं स्वयंपाकघर मला जसंच्या तसं दिसतं. शहागंजच्या मागची गल्ली, रविवारची सकाळ, चुलीवर खिचडी, बाजूला चिंचेचा खट्टा. शाळेत तुम्ही गणिताच्या बाई, इथं मात्र भाची म्हणते म्हणून आम्हीही आपा म्हणायचो. तुमचे दोन्ही हात पिठात, मासिकाचा अंक पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला, डोळे उजवीकडून डावीकडं पळतायत आणि तोंडातून मराठी बाहेर पडतंय. पान संपलं की तुम्ही नुसती हनुवटी हलवता, भाची पान उलटते. त्या हनुवटीच्या आणि पुढच्या ओळीच्या मधे तुम्ही थोडं थांबायच्या. मला वाटायचं अवघड शब्द आला असेल. शब्द कसला, तिथं तुम्ही मिशा काढत होतात!

गोष्ट संपली की भांडण. लासूर स्टेशनची ती आडत्याची मुलगी, वसतिगृहात राहायची, तिचं ठाम मत की परग्रहावरचे आले तर लासूरलाच उतरणार, कारण एवढा मोठा बाजार सोडून ते दुसरीकडं कशाला जातील. भाची म्हणायची, ते माणसासारखे नसणारच, धुक्यासारखे असतील, आपल्या अंगातून जातील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. मी म्हणायची, मराठवाड्यात मुळात आपल्यालाच प्यायला पाणी नाही, इथं कोण मरायला येतंय! तुम्ही लाटणं आपटून म्हणायच्या, "येंगे, जरूर येंगे. पन तुम लोगां ऐसेच भांडते रहे तो दारातूनच परत जाएंगे." आणि पुस्तक सुचवायचं तर तुमचा नियम कडक: नुसतं छान आहे म्हणायचं नाही. "छान तो भेंडी भी होती," तुम्ही म्हणायच्या. एका वाक्यात असं सांगायचं की समोरच्याचा हात आपोआप पुढं आला पाहिजे. नव्या पोरीला आत घेताना एक प्रश्न ठरलेला होता. परग्रहावरचं कुणी तुमच्या वावरात उतरलं, तर पहिलं काय कराल? पाणी द्याल, नाव विचाराल, की ओरडाल? पाणी म्हणणारी पास. नाव विचारणारीला पुढच्या रविवारी परत बोलावायचं.

त्या प्रश्नानं माझा घात केला. मॅट्रिकचं वर्ष, आणि मला बघायला पाहुणे आले. देवगाव रंगारीला आमची शेती, दादा, म्हणजे माझे वडील, निम्मा आठवडा तिकडं, निम्मा इकडं शहरात. माणूस जिद्दी आणि शब्दाला पक्का. पाहुणे खाऊन पिऊन झाले, मुलाचा बाप लई दिलदार, मला म्हणाला, "पोरी, तुला बी काही इचारायचं असंल तर इचार, लाजू नको." दुसरी कुणी मान खाली घातली असती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, नवीन माणसं दिसली की तोच प्रश्न विचारायची सवय लागलेली. विचारून बसले. ते गृहस्थ बिचारे खरोखर विचारात पडले. म्हणाले, "आमच्या वावरात? मग आधी तलाठ्याला सांगावं लागंल." मी म्हणाले, "नापास." आपा, ते तोंडातून निसटलं, देवाशप्पथ. मुलाची आत्या माझ्या आईच्या कानाला लागली, "पोरगी बरी हाय ना?" दुसऱ्या चहाला कुणी थांबलं नाही.

दादा त्या दिवशी ओरडले नाहीत, तेच जास्त भीतीचं. संध्याकाळी म्हणाले, "रविवारचं जाणं बंद. मॅट्रिक झाली की शिकणं बी बंद. पुढच्या पाहुण्याला तोंड उघडायचं नाय." मला कॉलेजात विज्ञान घ्यायचं होतं. मी आईकडं बघितलं, तिनं भांड्यांकडं. मी तीन रविवार आले नाही आणि चौथ्या रविवारी तुम्हीच आमच्या दारात.

तुम्ही रिक्षातून उतरलात, खांद्याला ती कापडी पिशवी. दादांनी खुर्ची दिली, आईला चहा ठेवायला सांगितलं, आणि मग सुरू केलं, "म्याडम, तुमी गणित शिकवा, आमचं काय म्हनणं नाय. पन हे आभाळातलं कशाला? उद्या पोरीला कोण करून घेईल?" मी दाराआड. मला वाटलं आता तुम्ही माझ्या मार्कांचं सांगाल, हुशारीचं सांगाल, विनवण्या कराल. तुम्ही दादांच्या डोळ्यांकडं बघत होतात, आणि दादांचे डोळे तुमच्या पिशवीतून वर आलेल्या अंकावर. त्यांचे ओठ हलत होते. मुखपृष्ठावरचं उर्दू ते मनातल्या मनात वाचत होते.

"कित्ते तक पढ़े, भाईसाब?" तुम्ही विचारलंत. दादा एकदम दचकले, मग म्हणाले, "सातवी. निजामाच्या शाळंत. समदं उर्दूतच व्हतं तवा." एवढंच. पण घरात हे कधी कुणी असं उघड बोललेलं मी ऐकलं नव्हतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, शाळा बदलल्या, कचेऱ्या बदलल्या, आणि त्यांना येत होती ती लिपी कुठंच उरली नाही. मराठी ते एसटीच्या पाटीपुरतं वाचायचे, तेही अक्षर अक्षर लावून. पीककर्जाच्या सोसायटीचा कागद आला की थोरल्या भावापुढं सरकवायचे, "चष्मा नाय माझ्याकडं" म्हणून. चष्मा खिशातच असायचा. आणि त्या वर्षांनंतर गावात उर्दू पेपर हातात धरला तर लोक वळून बघायचे, म्हणून तेही त्यांनी सोडलं. शिकलेला माणूस, आणि वाचायला घरात एक ओळ नाही. तुम्ही हे सगळं त्या हलणाऱ्या ओठांवरून ओळखलंत.

तुम्ही अंक काढून खाटेवर ठेवलात. म्हणालात, "छान आहे असं मी म्हणणार नाही, भाईसाब. यात एक माणूस घर सोडून लई लांब गेलाय, आणि परत यायचं का पुढं जायचं ते अजून ठरत नाही. पुढचा अंक माझ्याकडं आहे. रविवारी पोरीला पाठवा, देते." चहा पिऊन उठलात. दाराशी माझा कान धरलात, चांगला जोरात, आणि कुजबुजलात, "बेवकूफ! पाहुने परग्रहावरचेच थे ना? उनकू पहले पानी देने का, सवाल बाद में."

दादांनी अंकाला दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खाटेवर पालथे पडून वाचताना दिसले. चहा गार झाला. आई म्हणाली, "अवो, काय चाललंय?" तर म्हणाले, "गप. इथं यान अडकलंय." रविवारी सकाळी मी मुद्दाम अंथरुणात पडून राहिले. दादाच आले, पायानं गोधडी ढकलली, "उठ की. अंक कोण आणील, मी?" अशी मी परत तुमच्या स्वयंपाकघरात आले. पुढं तर तुम्हाला माहीतच आहे, दादांचे प्रश्न माझ्याबरोबर यायला लागले. त्या ग्रहावर कापूस येईल का, विचार. तिथली माणसं आपली जित्राबं बघून भ्यायची तर नाहीत ना, विचार. तुम्ही खट्टा ढवळता ढवळता एकेकाचं उत्तर द्यायच्या, आणि लासूरवाली म्हणायची, तुझे दादाच आपल्यात सगळ्यात पक्के.

पण एक तुम्हाला माहीत नाही. अंक वाचून झाला की दादा मला जेवताना म्हणायचे, "सांग आता, तुला काय कळालं." मी तुमची गोष्ट सांगायची, वेण्या, पदर, सगळ्यासकट. गोष्टीचा शेवटचा अंक आला तेव्हा मी पहिल्यांदा स्वेटरचा भाग सांगितला, आणि त्यांचा भाकरीचा हात थांबला. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, नवऱ्याला सुया दिल्या म्हणून आता बोलणी बसणार. अंक त्यांच्या उशाखाली होता, आपा. तो मिशावाला, आणि खिडकीतली ती बायको, सगळं त्यांनी सकाळीच वाचलेलं होतं. ते म्हणाले, "विणू दे. थंडी असंल त्याला." मग घास घेतला आणि विचारलं, "मंग ती बाई? माघारी फिरती का पुढं जाती?" मी म्हणाले, पुढं जाते. काल रात्री मी शेवटचं पान वाचलं. मासिकातला कप्तान माघारी फिरतो, बायको दार उघडते, गोष्ट संपते. दादांना तेही ठाऊक होतं. ते म्हणाले, "जाऊ दे मंग. अडवू नये." आणि आईकडं वळून भाजी मागितली.

उन्हाळ्यात दुसरं स्थळ आलं. मध्यस्थाला दादा ओट्यावरूनच म्हणाले, "पोरगी शिकतीय. मधीच नाय थांबवायची." मला इतकी वर्षं वाटत होतं, हे तुमच्या येण्यामुळं झालं आणि माझ्या मार्कांमुळं. मी कॉलेजात गेले, विज्ञान घेतलं, पाटबंधारे खात्यात धरणांचं पाणी मोजण्यात जन्म गेला. अंतराळ वगैरे राहिलंच. नवरा चांगला मिळाला, विणकाम येत नाही. मी कॉलेजात असतानाच तुम्ही हे जग सोडून गेलात. त्यानंतर दादा देवगावच्या स्टँडवर सगळ्यांदेखत उर्दू पेपर विकत घ्यायचे आणि बाकावर बसून वाचायचे. पुढं पुष्कळ वर्षं जगले. त्या गोष्टीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि मला विचारायचं काही आहे हेच मला माहीत नव्हतं.

तुमच्याशी भांडायचं म्हणून बसले होते, ते भांडण कधीच विरलं. हे पत्र काही टपालात टाकायचं नाही, घडी करून त्याच अंकात ठेवून देईन. आणि रागावणार नसाल तर सांगते. काल रात्री कागद पुढं ओढला तेव्हा मला तुम्हाला लिहायचं नव्हतं, दादांना लिहायचं होतं. पण त्यांना मराठी वाचायला त्रास व्हायचा, आणि माझं उर्दू अजून तेवढं झालेलं नाही.