उन्हाच्या शहरातला स्वेटर

ती. आईस,
लांबूनच पाया पडतो.

ताईने दाजींना इकडे कामाला पाठवावं का, असं तू विचारलंस. काम बारमाही आहे, पगारही वेळेवर होतो. पण पत्र्याखालच्या खोलीत भिंतीला पाठ टेकवत नाही, इतकी तापते.

तू बळेबळे दिलेल्या स्वेटरला मी हसलो होतो ना? आता कोल्ड स्टोरेजमध्ये दिवसभर तोच अंगात असतो.

तुझा गुडघा कसा आहे?

जमलं तर हातमोजे विणून पाठव. डाव्या हाताची करंगळी मात्र विणू नकोस. गारठ्याने हात बधिर झाला होता, त्यामुळे दारात सापडली तेव्हा फारसं दुखलं नाही. जखमही भरलीय.

दाजींना एवढंच सांग, इकडे ऊन फार आहे.

तुझा,
धाकटा