बारवेतला राकूस आणि दोन बोटं

प्रिय इरशाद,

खूप खूप दुवा. परवाच फोन झाला आणि आता अब्बांनी पत्र कशाला खरडलं, असं तुला वाटंल. फोनवर तू बोलतोस आणि मी नुसता हूं हूं करतो. त्यातून अवघड काही सांगायचं असलं की मला नेमकं गिऱ्हाईक आठवतं. म्हणून दुकानाचं अर्धं शटर ओढून लिहायला बसलोय. शिवलिंग मास्तर उद्या परंड्याहून पुण्याला निघालेत, त्यांच्याजवळ देतो. रविवारी तुझं शूटिंग आहे. त्याच्या आधी तू हे वाचायला पाहिजेस.

तुझा राकूस, म्हणजे राक्षसाचा तो जुना पोशाख, तयार आहे. पेटीतून काढला तेव्हा उंदरांनी शेपूट खाल्लेलं, आतल्या फोमचा नुसता भुगा झालेला. नवा फोम भरला. अंगावरचे खवले मात्र एक सुटलेला नाही. टायरच्या ट्यूबचे तुकडे ते, तुझ्या समदचाचानं एकेक करून कापलेले. तुझी अम्मी म्हणते, ही घाण आधी अंगणात न्या.

तुला आमचा तो जुना राकसाचा सिनेमा पाठ आहे, पण तो झाला कसा ते तुला आम्ही नेहमी हसत हसतच सांगितलं. मच्छिंद्रकाका लग्नाची शूटिंग करायचे. त्यांच्या डोक्यात आलं, आपणही एक सिनेमा काढू. ईट गावाजवळची पायऱ्यांची बारव ठरली. राकूस व्हायला समद, कारण पोहण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. बावीस वर्षांचा होता. पोशाख माझा. आधी पाठीला चेन लावली होती, पण कॅमेऱ्यात ती चमकायची. मी ऐटीत म्हणालो, चेन काढा, मी अंगावरच शिवतो, टाका दिसला तर नाव बदला. मग दर वेळी समदला आत घालायचं, मेणाच्या दोऱ्यानं पाठ शिवायची आणि शूटिंग झालं की कात्रीनं उसवायची. मला त्या शिलाईचा लई गर्व होता बेटा. मच्छिंद्रकाका लोकांना बोलावून दाखवायचे, बघा, टाका सापडतो का.

आता तुझ्या सिनेमाचं. तू म्हणालास, जुना जिथं संपतो तिथंच नवा सुरू करायचा. राकूस बारवेत बुडतो, शेवटी पाण्याच्या वर एक पंजा राहतो, त्याची दोन बोटं उघडतात, मिटतात, आणि तोही खाली जातो. तेच चित्र आधी दाखवायचं, मोठ्या पडद्यावर, आणि मग तीस वर्षांनी तोच पंजा वर येतो. पोशाख तोच, आतला माणूसही तोच. तू म्हणालास, चाचाची ती दोन बोटं म्हणजे अख्ख्या सिनेमातला एकच खरा अभिनय आहे. तुझं ऐकून माझ्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला. तुला वाटलं, फोन कट झाला.

तो अभिनय नव्हता.

आमच्या अब्बांच्या दुकानात आम्ही दोघं भाऊ काम शिकलो. तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या की बोलता येत नाही. मग दोन बोटं उघडमीट करायची, म्हणजे दुसऱ्यानं कात्री द्यायची. ही खूण फक्त आम्हा दोघांची. त्या दिवशी फोमनं पाणी पिलं, पोशाख धोंड्यासारखा जड झाला आणि समद खरंच बुडायला लागला. त्यानं माझ्याकडं कात्री मागितली. मी कॅमेऱ्याला खेटून उभा होतो. कात्री खिशात होती. मच्छिंद्रकाका पुटपुटले, हलू नको, लई भारी चाललंय. त्यांना ती खूण ठाऊक नव्हती. मला होती. आणि मी हललो नाही. पाण्याच्या थोडी खालीच त्याची पाठ कॅमेऱ्याकडं होती, टाका कुठं दिसत नव्हता, आणि मी, तुझा बाप, आपली शिलाई बघत उभा राहिलो.

पंजा खाली गेल्यावर उडी मारली. ओला दोरा कात्रीला ऐकेना. वर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते. श्वास परत आला आणि त्यानं पहिलं हेच विचारलं, "भाई, माझी बोटं दिसली न्हायत का?"

मी म्हणालो, "न्हाय दिसली."

पुढच्या महिन्यात तो जळकोटला गेला. तुम्ही पोरं त्याला खुळा चाचा म्हणता. हायवेला लिंबाखाली पंक्चरचं काम करतो, दुकानाला दार बसवत नाही, थंडीतही ओट्यावर झोपतो. का, ते तुला आता कळलं असंल. आणि कॅमेऱ्यानं जे बघितलं ते मीही बघितलं, हे त्याला सिनेमा बघून कधीच कळलं असणार. तीस वर्षांत एका शब्दानं बोलला नाही. मीही नाही. ईदला गळाभेट होते, तेवढीच.

मला वाटलं होतं, तो तुला नाही म्हणंल. काल स्वतः फोन केला. म्हणाला, "घालतो. पण पाठ भाईच शिवणार, पहिल्यासारखी." आणि ठेवून दिला. इरशाद, ही माफी आहे का सजा, मला कळंना झालंय.

मी येणार आहे आणि शिवणारही आहे. पण कच्चा दोरा घालतो, टाके मोठे, एका हिसक्यात उसवतील असे. दिसले तर दिसू देत. मी बारवेच्या शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसीन, उघडी कात्री हातात धरून. तुझ्या कागदात ती दोन बोटं लिहिलेलीच आहेत, ती तो करणारच. ती अभिनयाची का खरी, हे ठरवायला मी या वेळी थांबणार नाही. बोटं उघडली की मी पाण्यात. तुझा शॉट वाया जाईल, तुझी माणसं ओरडतील. फक्त तू मला हाक मारून थांबवू नकोस बेटा. तेवढं मागायलाच हे पत्र लिहिलं.

तुझाच,
अब्बा