आधी कुकर उतरवते

ठाकुर्ली, रविवार, ९ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सव्वानऊ. पाठीवरची सॅक आत्ताच धुऊन गॅलरीत वाळत घातली.

ती. आईस,

बारावी राहिलेल्या मुलाला तू स्पॅनिश शिकायला पार ग्वाटेमालाला जाऊ दिलंस. पहिल्याच दिवशी मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, बस कुठे मिळेल? भाजीवालीने बोट दाखवलं आणि म्हणाली, "आई!" त्यांच्यात आई म्हणजे तिथे. मी लगेच तुला फोन केला, "अगं, इथे सगळे तुलाच हाका मारतात."

"येते म्हणावं," तू म्हणालीस, "आधी कुकर उतरवते."

मग रोज विचारायचीस, "आज किती जणांनी बोलावलं रे मला?"

महिन्याने एकदा ते विचारलं नाहीस. "जरा दम लागतो. कधी येतोस?" म्हणालीस. मी म्हणालो, शुक्रवारी परीक्षा आहे, ती झाली की बघतो. डॉक्टरकडे गेलीस का, हे विचारलं नाही. परीक्षेत शुद्धलेखनाची एकही चूक निघाली नाही.

घरी पोहोचलो तेव्हा तुला नेऊन दोन दिवस झाले होते. दारातच माझ्या तोंडून निघालं, "आई?" संचिताताईने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

वहीत तिकडच्या स्पॅनिशच्या बाईंनी लिहून दिलंय, 'आई' हा शब्द दिसेल इतक्या अंतरासाठी. फार लांबचं असेल तर दुसरा. तोही मला पाठ आहे. पण फोटोसमोर मी अजून पहिलाच म्हणतो.

तुझा,
सुदेश