डावा खुबा

आई, आज माझ्या हाडांची घनता मोजून आले. आडवं होण्याआधीच तिथल्या मुलीने विचारलं, "मावशी, ऑपरेशन झालंय का कधी? आत सळई, प्लेट काही?" नाही म्हणताना मला रडू आलं. "यात दुखत नाही हो काही," ती बिचारी घाबरून म्हणाली. तिला काय सांगू? एवढा प्रश्न तुला कुणी विचारला नव्हता, आणि तू आपणहून सांगितलंस तेही कुणी ऐकलं नव्हतं.

खानवेलच्या बसमधून उतरताना तू पडलीस तेव्हा मी आठवीत होते. तुझ्या डाव्या खुब्यात सळई बसवली. आमच्या मिशनच्या शाळेत सिस्टरने सगळ्या वर्गाला तुझ्यासाठी प्रार्थना करायला लावली. चालायला लागल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस, तर वर्गाला पुरतील एवढ्या नारळाच्या करंज्या. स्टुलावर बसून, तो पाय लांब सोडून तळत होतीस.

मग एकोणीसशे नव्वदनंतर तुझी पाठ वाकत गेली, रात्रंदिवस अंग ठणकायला लागलं. बाबांनी कचेरीतून रजा काढून तुला हीच तपासणी करायला मुंबईला नेलं, मीही बरोबर होते. अंगावरचा सगळा धातू काढा, असं सांगितलं. अजून दिसतेस मला: पडद्यामागे उभी, एकेक काढून माझ्या रुमालात ठेवते आहेस. बांगड्या, जोडवी, केसांतले आकडे, पदराची पिनसुद्धा. मंगळसूत्राआधी पिशवीतून पिवळा दोरा निघतो, घरूनच हळकुंड बांधून आणलेला, तो गळ्यात घालतेस. "हे चालेल ना हो? हळद आहे, लोखंड नाही." मशीनवाला हसतो. मग टेबलावरून तू म्हणतेस, "अहो, पण या पायात सळई आहे."

"असू द्या मावशी. मी सगळ्यांचा डावाच घेतो."

हाडं तरुण मुलीसारखी निघाली. औषधाची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. शेजारच्या गुजराती बेन कौतुकाने म्हणाल्या, "तमारां हाडकां तो लोखंडनां छे!" आत्याचं कौतुक वेगळं होतं. "वहिनी, आता नाटकं पुरे. आमच्या दादाला रजा काढायला लावलीत ती लावलीत." आणि तू पाठ धरून बसलीस की बाबा वर्तमानपत्रातून मान वर न करता विचारायचे, "मशीन खोटं आणि तू खरी?"

तू बोलायचं सोडलंस. पुढच्या उन्हाळ्यात नळावरून कळशी उचलताना तुझा उजवा खुबा मोडला. पडलीस म्हणून मोडला नाही, मोडला म्हणून पडलीस. अंथरुणावरून पुन्हा उठली नाहीस.

तिसऱ्या दिवशी राख गोळा करताना हाडं बोट लावताच भुगा होत होती. सळई मात्र तशीच्या तशी, काळी पडलेली. आत्या पदराला डोळे पुसत होती. बाबांनी ती सळई उचलून बाजूला ठेवली आणि हात धुतले.

आज त्या मुलीला मी विचारलं, आत सळई असली तर काय होतं? "धातू किरण अडवतो ना, मशीनला वाटतं तेही हाडच. आकडा फुगतो. म्हणून आम्ही दुसऱ्या पायाचं घेतो." हे कधी कळलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "हे तर पहिल्यापासून माहीत आहे की." पहिल्यापासून, आई. त्यांनी फक्त तुझा दुसरा पाय घ्यायला हवा होता.

माझी हाडं ठिसूळ निघालीत, तुझ्यावर गेलीत. घरी येताच सुनेने हातातली भाजीची पिशवी काढून घेतली. "आई, बसा हो. खूप दुखतं का?"

मला काहीच दुखत नाही गं, आई. तरी म्हटलं, हो, फार दुखतं. आणि ती लगेच शेक द्यायला पाणी तापवायला गेली.