पालथ्या बादलीवरचा साहेब

मंगळवार, संध्याकाळ. बिबवेवाडी.

कामावरून आलो तर धाकटी बहीण शालू एका रस्त्याचा नकाशा घेऊन बसलेली. रस्ते-पुलांसाठी पैसा कसा उभा करायचा, त्याचं एमबीए करते ती. उद्या तोंडी परीक्षा. सरावासाठी मला पालथ्या बादलीवर बसवलं. "दादा, तू बँकेचा साहेब. एवढंच विचार, पैसे परत कसे येणार."

विचारलं.

"नाही येणार, साहेब. या रस्त्यावर गाड्याच नाहीत."

"मग नाही देत," मी ऐटीत बोललो.

मग नकाशा नीट पाहिला. आमच्याच गावचा रस्ता. त्याच खड्ड्यांतून आई आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जाते.

"हाच का घेतलास?"

"तुझं उत्तर बरोबर आहे, दादा," ती खाली बघत म्हणाली.

'नाही देत' एवढं पटकन कसं निघालं माझ्या तोंडातून? आता आईचा फोन येईल. रस्ता कधी होणार, नेहमीसारखं विचारेल. बादली अजून पालथीच आहे.