उतरवलेलं चित्र

अप्पा, तुमच्या भांड्यांच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मागे लातूरला आलो तेव्हा समोर थोडा वेळ उभा राहिलो. गिऱ्हाइकाच्या पातेल्यावर नाव घालायला तुम्ही ज्या पायरीवर बसायचात, तिथे आता काचेचं कपाट आहे. त्याच पायरीवर तुम्ही मला एकदाच रागावलात. काका गेले होते. आपल्या रीतीप्रमाणे पुरण्याआधी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात हार. लोक येऊन पाया पडत होते आणि मी कोपऱ्यात बसून शाळेच्या वहीत त्यांना काढत होतो. मान कलू नये म्हणून मागे बांधलेलं फडकंसुद्धा काढलं. तुम्ही ते पान फाडलं नाही. घडी घालून खिशात ठेवलंत आणि दोन दिवसांनी दुकानात म्हणालात, "मेलेल्याचं चित्र काढू नये. त्याला इचारायची सोय नसती." पुढे मी चित्रकलेच्या कॉलेजाचं नाव काढलं तेव्हा तुम्ही पातेल्यावर नाव ठोकत राहिलात. मी फौजेच्या भरतीला गेलो. ‘वडील गेले’ एवढा निरोप मला वर, सीमेवरच्या बर्फात मिळाला. मी घरी पोचलो तोवर माती झाली होती. तुम्हाला बसवलेलं मी पाहिलंच नाही.

नोकरी संपवून पेन्शन घेतली आणि नांदेडला कॉलेजात नाव घातलं. वर्गातली मुलं मला फौजी काका म्हणायची. लोकांना वाटायचं, मी तोफा आणि झेंडे काढीन. चित्रं विकणारे दुकानदार तसलीच मागायचे. मला मात्र एकच माणूस काढता येत होता. आमच्या तुकडीतला, उमरीकडच्या एका खेड्यातला. त्याची लोखंडी पेटी माझ्या पेटीला लागून असायची. एकदा सुट्टीवरून आला आणि बोलायचा थांबला. बुटाची एक नाडी बांधून दुसरी हातात धरून तो त्या पेटीवर बसून राहायचा. मी विचारलं की म्हणायचा, "काय न्हाई बे, बसून राहिलो." एका सकाळी पहाऱ्यावर त्याने स्वतःच्याच रायफलीने स्वतःला संपवलं. त्याची पेटी घेऊन मी त्याच्या गावी गेलो. माझ्याबरोबर आलेल्या साहेबांनी त्याच्या वडिलांना गोठ्यामागे नेऊन खरं ते सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि बाहेर येऊन कुणाला काही सांगितलं नाही. गावाने आपल्या मनानेच ठरवलं की गोळी शत्रूची होती. वेशीजवळ त्याच्या नावाची कमान उभी राहिली.

यंदा नांदेडला एका हॉलमध्ये माझी चित्रं लागली. मधल्या भिंतीवर सगळ्यांत मोठं तेच होतं: पेटीवर बसलेला तो, हातात नाडी. बघणारे त्याच्यासमोर आले की आवाज खाली करायचे. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि तो फिरत फिरत त्याच्या गावात पोचला. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा एसटीने एकटाच आला. आधी मला ओळखलं, मग चित्रासमोर जाऊन उभा राहिला. टोपी काढली, परत घातली. मी खुर्ची आणली, तो बसला नाही.

"ह्यो माझाच हाय," तो म्हणाला. "ओट्यावर असाच बसायचा, शेवटच्या सुट्टीत."

मी चहा मागवतो म्हणालो. त्याने हाताने नको केलं.

"असा बसलेला बघितला की लोकायला कळतंय, लेकरा. गावात इचारून राहिलेत. त्याच्या बायकोला आजून तिथंच राहायचंय. पोरगी शाळंला जाती. उतरव ह्ये."

मी त्याला समजावू पाहिलं. तो कसा होता हे कुणीतरी खरं दाखवायला हवं, असं काहीतरी बोललो. कॉलेजात शिकलेली भाषा होती ती. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू इचारलं व्हतंस का त्याला, तुझं चित्र काढू का म्हणून?" अप्पा, तेव्हा पायरीवरचे तुम्ही आठवलात.

मी स्टूल घेतलं आणि चित्र उतरवलं. घरी नेता का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, घरात त्याची माय हाय, तिला दाखवता यायचं न्हाई. चादरीत गुंडाळताना मात्र त्याने स्वतः एक टोक धरलं, आणि चेहरा झाकला जाईस्तोवर सोडलं नाही. मग तो बसस्टँडकडे चालत गेला. बघायला आलेल्यांनी रिकाम्या जागेबद्दल विचारलं. विकलं गेलं, असं मी सांगितलं.

आता ते माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं आहे. जाळवत नाही आणि टाकवतही नाही. नवीन काही काढायला बसलो तर हाताला त्याच चित्राची वळणं येतात. हे सगळं तुम्हाला लिहून काय होणार, ते धाडायचं कुठे. कागद इथेच राहतील, रंगाच्या डब्यांखाली. पण म्हाताऱ्याला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगतो. त्या हॉलमध्ये दोन्ही दिवस मी त्या चित्राकडे पाठ करून उभा होतो. आणि खिळ्यावरून ते निघालं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखं वाटलं.